खऱ्या वाक्यांचा वर्ग

सोलापूरच्या नवी पेठेत सकाळी आठ वाजता फारसं काही नसतं. शटर खाली असतात, झाडूवाल्या बायका कालचा कचरा लोटत असतात, आणि एखादा रिक्षावाला मागच्या सीटवर पाय पसरून पेपर वाचत असतो. अशा वेळी एका कापड दुकानाशेजारच्या लोखंडी जिन्यावरून माणसं एकामागून एक वर चढताना दिसली, तर ती हत्तुरे सरांच्या इंग्रजीच्या वर्गाला चाललीत असं खुशाल समजावं. वर त्या दुकानाचं गोदाम आहे. चादरींचे गठ्ठे भिंतीकडे सरकवायचे, मधे सतरंजी टाकायची, खिडकीच्या गजाला फळा टांगायचा, की झाली शाळा. साडेनऊला सगळं पुन्हा होतं तसं लावायचं, कारण दहाला खालचं शटर वर जातं आणि वर्गातले अर्धे लोक त्याच पेठेत काउंटरमागे उभे राहतात.

सिद्धलिंगप्पा हत्तुरे यांचं वय एकसष्ट. अंगात पांढरा हाफ शर्ट, कपाळाला विभूती, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि सकाळी दीड तास इंग्रजी, असा त्यांचा दिवस तीन भाषांत वाटलेला. माणूस सुखी. पुष्कळ काही मिळालं म्हणून नव्हे. सकाळी उठल्यावर कुठंतरी जायची घाई असलेली माणसं जितकी सुखी असतात, तितका.

वर्गाचं नाव झालं होतं ते एका गोष्टीसाठी. तीन महिन्यांच्या बॅचमध्ये सर एकच क्रियापद शिकवत. गेट. नव्या माणसाला हे ऐकून आपण फसलो असं वाटायचं. "सर, तीन म्हैने निस्तं गेट?" असं कुणीतरी विचारायचंच. सर खडू खाली ठेवून सांगायचे, "एक घर नीट ओळखीचं झालं की त्या गल्लीत कुणी आपल्याला हटकत नाही बघा. हे घर ओळखीचं करून घ्या. बाकीचं इंग्रजी त्याच गल्लीत राहतंय."

ही वाट त्यांना सापडली ती गठ्ठे बांधताना. सतराव्या वर्षी ते खालच्याच दुकानात माल पाठवायच्या कामाला लागले. चादरी-टॉवेल बांधायचे, वर पत्ता घालायचा, ट्रान्सपोर्टला पोचवायचं. मद्रास, कोइमतूरच्या व्यापाऱ्यांची पत्रं इंग्रजीत यायची आणि जुने शेठ ती त्यांच्यापुढं टाकायचे. शब्दकोश घेऊन एकेक पत्र सोडवता सोडवता त्यांच्या लक्षात आलं की व्यापारी लोक फार शब्द वापरतच नाहीत. माल मिळाला नाही तर गेट, माल लवकर पाठवा तर गेट, ओला झाला तर गेट, उलटटपाली उत्तर द्या तर गेट, तुमचं म्हणणं कळलं नाही तरी गेटच. एका वहीत त्यांनी ही वाक्यं उतरवायला सुरुवात केली. वही भरली, दुसरी आली. सातवी वही चालू असताना शेठच म्हणाले, "सिद्धू, हे पोरांना शिकव की. सकाळी गोदाम मोकळंच असतंय."

व्याकरणवाले ऐकून कपाळाला हात लावतील, पण सरांनी त्या क्रियापदाचा अर्थ एका ओळीत बसवला होता. जमिनीवर खडूनं उंबरा काढायचा आणि म्हणायचं, "अलीकडं नव्हतं, पलीकडं झालं. मधला उंबरा ओलांडला की गेट." हातात पगार नव्हता, आला. माणूस शांत होता, भडकला. गाडी मोडनिंबला होती, सोलापुरात पोचली. गणित कळत नव्हतं, कळलं. लग्न झालं नव्हतं, झालं. मग मागे अप लागलं की उठणं, डाउन लागलं की उतरणं, ओव्हर लागलं की दुखण्यातून, दुःखातून पार होणं. आणि दुसऱ्याकडून काम करून घेतलं तरी उंबरा कामानं ओलांडलाच, म्हणून तिथंही गेट. फळ्यावर एवढं झालं की सर खडूचा हात झटकायचे आणि म्हणायचे, "चला. आता खरी वाक्यं."

हाच वर्गाचा एकमेव नियम. रोज प्रत्येकानं गेटचं एक वाक्य आणायचं आणि ते खरं असायला हवं. पुस्तकातलं नको, शेजाऱ्याचं नको, काल आपल्या घरात, आपल्या अंगावर घडलेलं. खोटं वाक्य सापडलं की त्यानं सगळ्या वर्गाला चहा पाजायचा. खोटं वाक्य जिभेवर टिकत नाही, असं सरांचं मत होतं. रिक्षावाल्या शिवप्पानं एकदा "आय गॉट अप ॲट फाइव्ह" असं ऐटीत सांगितलं, तर त्याच्याच गल्लीतला एकजण म्हणाला, "सर, ह्यो सातला तोंडावर चादर घिऊन घोरत हुता." तेवीस कप चहा खालून वर आला. पण त्यानंतर शिवप्पानं एकही वाक्य चुकवलं नाही.

या नियमानं वर्गात काय काय येऊन पडायचं. औषधाच्या दुकानातली रेश्मा म्हणाली, मला पगार मिळाला आणि माझ्या भावाला तो माझ्याकडून मिळाला. सगळे हसले, तीही हसली. साडीच्या दुकानातल्या एकीनं सांगितलं की सासूशी माझं जमत नाही, पण आम्ही निभावून नेतो. एकदा गेट अलाँग, एकदा गेट बाय, दोन्हीकडं गेट अगदी बरोबर बसला होता. एका पोक्त शिंप्यानं "माय आइज आर गेटिंग वीक" एवढंच म्हटलं आणि खाली बसला. त्या दिवशी सरांना फळ्याकडं तोंड करून थोडा वेळ काहीतरी पुसत राहावं लागलं. त्यांना हा वर्ग फार प्रिय होता. जगात दुसरीकडं कुठं माणसं रोज सकाळी ठरवून खरं बोलतात, असं त्यांना वाटायचं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं.

खोटं होतं ते त्यांचं स्वतःचं वाक्य.

दर बॅचच्या पहिल्या दिवशी नमुना म्हणून सर फळ्यावर लिहायचे, "आय गॉट सेव्हन्टी-टू इन इंग्लिश." दहावीला मला इंग्रजीत बहात्तर मिळाले. लोक मान डोलवायचे, वहीत उतरवून घ्यायचे. आता वस्तुस्थिती अशी की सिद्धलिंगप्पा हत्तुरे दहावीला इंग्रजीत तीनदा नापास झाले होते. पहिल्यांदा सत्तावीस, मग एकतीस, मग एकोणतीस. नंतर त्यांनी नाद सोडला आणि गठ्ठे बांधायला आले. पहिल्या बॅचच्या पहिल्या दिवशी, बावीस वर्षांपूर्वी, समोर बसलेल्या सहा माणसांना बघून त्यांना खरे मार्क लिहवेनात आणि सत्तावीसचे आकडे उलटे होऊन फळ्यावर उतरले. सहाच्या सहा जणांनी इतक्या विश्वासानं लिहून घेतलं की पुसायचं धाडस झालं नाही. पुढं ते वाक्य पाठच झालं. सर ते दर तीन महिन्यांनी एकदाच लिहायचे, लगेच पुसायचे, आणि त्या दिवशी घरी त्यांना जेवण कमी जायचं. बायको सुंदरम्माला सगळं ठाऊक होतं. ती कधी काही बोलली नव्हती.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी पावसाळ्यानंतरच्या बॅचला अंकिता आली.

अंकिता मोडनिंबची, सासर सोलापुरात, वय तीस. साडीच्या दुकानात सकाळी दहा ते रात्री नऊ उभी. नववीतून लग्न झालं, दहावी राहिली ती राहिलीच. तिच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या आणि डॉक्टरांनी बसून करायचं काम बघा म्हणून सांगितलं होतं. एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये समोरच्या टेबलावर नोंदणीला बाई हवी होती. तिथल्या मॅडमना अंकिताचं बोलणं आवडलंही, पण दहावीचा कागद पाहिजे म्हणाल्या. जूनपर्यंत जागा ठेवते म्हणाल्या. म्हणजे बाहेरून दहावीला बसायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, आणि मार्चला परीक्षा. बाकीच्या विषयांचं तिला काही वाटत नव्हतं. इंग्रजीचं नाव काढलं की तिच्या तळहाताला घाम यायचा.

वर्गात ती हुशार होती. दोन महिन्यांत वाक्यं सरळ यायला लागली होती. सरांनी फॉर्मचं दोनदा विचारलं, तिनं दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला गाठलं. "अंकिता, तारीख जवळ आली. भरला का फॉर्म?"

"न्हाय सर."

"का? तू पास होतीस, मी सांगतो की."

तिनं चादरीच्या गठ्ठ्याला हात टेकला. "सर, राग मानू नगा. तुमाला बहात्तर पडल्यालं. नापासाचं भ्या कसलं असतंय ते तुमाला काय ठावं? नापास झाले तर सासरी म्हनतील, ह्या वयात हौस बगा हिची. मी उबी ऱ्हाते दुकानात. पाय दुकत्याती ते दुकू द्या."

ती जिना उतरून गेली. सर तिथंच गठ्ठ्यावर बसले. खालून शटर वर गेल्याचा आवाज आला तरी त्यांना फळा काढायचं भान नव्हतं.

दोन दिवस त्यांचं कशात लक्ष लागेना. अंकिताला खरं सांगितलं तर तिचा धीर वाढेल, एवढं त्यांना लख्ख दिसत होतं. आणि सांगितलं तर बावीस वर्षांचं नाव मातीत जाईल, तेही तेवढंच लख्ख दिसत होतं. नापास माणसाकडं इंग्रजी शिकायला कोण येईल? वर्ग बंद पडला तर पोटापाण्याचं काही अडत नव्हतं. सकाळी उठून जायचं कुठं, हा प्रश्न होता. शुक्रवारी दुपारी सुंदरम्मा भाकरी थापत असताना त्यांनी विषय काढला. घरात दोघं कन्नडमध्येच बोलत.

"उद्या वर्गात सांगून टाकावं म्हणतो. मार्कांचं."

"सांगा."

"लोक सोडून जातील."

सुंदरम्मानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "होगली बिड्री," ती म्हणाली. म्हणजे, जाऊ द्यात. तिनं अडवावं अशी त्यांची थोडीशी अपेक्षा होती. ती काही पुरी झाली नाही.

शनिवारी सगळ्यांची वाक्यं झाल्यावर सर म्हणाले, "आज माझं एक राहिलंय." त्यांनी फळ्यावर पहिल्या दिवसाचं वाक्य लिहिलं, सेव्हन्टी-टू खोडलं आणि तिथं ट्वेन्टी-सेव्हन लिहिलं. खाली थर्टी-वन, त्याच्याखाली ट्वेन्टी-नाइन. मग वळून मराठीत सांगितलं, "तीनदा बसलो, तीनदा नापास. आजपर्यंत पास नाही. पहिल्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. बावीस वर्षं सगळ्यांशीच बोललो." आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा बरा निघाला.

मग शिवप्पानं घसा साफ केला. "म्हंजे सर... च्या?"

सर "हो" म्हणाले आणि खिशात हात घातला. माणसं हसली, काहींनी सुस्कारा टाकला. एवढ्यात मोबाईलच्या दुकानात काम करणारा दिग्विजय उठला. त्यानं वही बॅगेत घातली. "मी माझ्या चार मित्रांना तुमचं नाव सांगितलंय सर. आता त्यांना काय सांगू?" असं म्हणून तो चहा येण्याआधी निघून गेला. त्याचं काही चुकलं होतं असं सरांना वाटलं नाही. त्यामुळंच ते जास्त लागलं. अंकिता कोपऱ्यात कप हातात धरून नुसती फळ्याकडं बघत होती. चहा तिनं घेतला की नाही कुणास ठाऊक.

रविवारी वर्ग नसतो. तो रविवार सरांना फार मोठा गेला. सोमवारी ते पावणेआठलाच गोदामात आले, सतरंजी टाकली, फळा टांगला, आणि खिडकीशी उभे राहिले. आठ वाजले, जिना रिकामा. आठ पाच. झाडूवालीनं वर बघून विचारलं, "आज सुट्टी का सर?" सरांनी मान हलवून नाही म्हटलं. आठ दहाला रिक्षा येऊन थांबली. तिच्यातून शिवप्पा उतरला, मागून रेश्मा, पोक्त शिंपी, साडीच्या दुकानातल्या दोघी, आणखी दोघं, असे एकमेकांच्या मांडीवर बसून आलेले सहाजण. होटगी रोडला पाण्याची पाइप फुटली म्हणून रस्ता बंद होता, बाकीचे चालत येत होते. साडेआठपर्यंत सतराजण झाले. पाचजण आले नाहीत आणि पुढंही आले नाहीत. दिग्विजय आजही पेठेत समोरून आला की दुकानांच्या पाट्या वाचत जातो.

सर्वांत शेवटी आलेली अंकिता बसली नाही. पर्समधून तिनं घडी घातलेला फॉर्म काढला आणि सरांपुढं धरला. "भरते सर. पन एकटी न्हाय. तुमीबी बसायचं."

"मी? ह्या वयात?"

"हेच तर मी म्हनत हुते की," अंकिता म्हणाली. वर्गानं टाळ्या वाजवल्या, आणि सरांना पळायला वाटच उरली नाही.

शाळेतल्या क्लार्कनं त्यांचा चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा मार्कांचा कागद उलटा-सुलटा करून पाहिला, वर विचारून आला, आणि म्हणाला की हे आता कुठं धरत नाहीत, सगळे विषय नव्यानं द्यावे लागतील. म्हणजे गणितही. सरांना घाम फुटला. पण साडीवर किती टक्के सूट हे अंकिता कॅल्क्युलेटरशिवाय सांगायची, तिला गणितात गोडी होती. मग असं ठरलं की वर्ग सुटल्यावर पंधरा मिनिटं सरांनी अंकिताला पत्र-निबंध शिकवायचे आणि पंधरा मिनिटं अंकितानं सरांना बीजगणित. ती शिकवताना अजिबात दया दाखवायची नाही. "सर, क्ष ला घाबरू नगा, त्यो बी कुनीतरी हायच की," असं म्हणायची आणि तेच उदाहरण चौथ्यांदा करायला लावायची. आपण इतकी वर्षं फळ्याच्या बाजूला किती आरामात उभे होतो, हे सरांना त्या चार महिन्यांत कळलं.

मार्चमध्ये दोघं परीक्षेला बसले. सरांच्या शेजारच्या बाकावर पंधरा वर्षांची एक मुलगी होती. तिनं आधी त्यांना पर्यवेक्षक समजून उभं राहून नमस्कार केला. इंग्रजीच्या पेपरात व्यापाऱ्याला तक्रारीचं पत्र लिहायला आलं होतं. सरांनी आयुष्यभर दुसरं काय वाचलं होतं? पेन चालू लागलं ते थांबेना. तीनही नापासांच्या वेळी हात गार पडायचे, ते त्या दिवशी गार पडले नाहीत, आणि हे लक्षात आल्यावर त्यांना भर परीक्षेत हसू आलं.

निकाल अंकिताच्या मोबाइलवर बघितला, दुकानाच्या पायरीवर, जेवणाच्या सुट्टीत. अंकिताला इंग्रजीत चोपन्न. सरांना अडुसष्ट, आणि गणितात सदतीस. "अडुसष्ट," सर म्हणाले. "बहात्तर काही झाले नाहीत बघ." अंकिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पदरानं पुसायचंही विसरली होती. पंधरा दिवसांत ती लॅबच्या टेबलावर बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव विचारते, कागद देते, आणि मधे मधे टेबलाखाली पाय लांब करते.

जुलैत नवी बॅच सुरू झाली. पहिल्या दिवशी सकाळी सर निघाले तर सुंदरम्मा दारात तयार उभी. इरकल नेसलेली, हातात कोरी वही. बावीस वर्षांत ती एकदाही त्या लोखंडी जिन्यावर चढली नव्हती. सरांनी सुरुवातीला चार-पाचदा बोलावलं होतं. गुडघे दुखतात, घरात काम आहे, मला कशाला इंग्रजी, असं काहीबाही ती सांगायची. मग त्यांनी विचारणं सोडलं होतं.

"कुठं?" सरांनी विचारलं.

"वर्गाला. जागा आहे की नाही?"

"आहे. पण तुझे गुडघे?"

"गुडघ्यांना काय झालंय," सुंदरम्मा चप्पल घालता घालता म्हणाली. "पहिल्या दिवशी तुम्ही ते वाक्य लिहायचा. समोर बसून मला ते उतरवून घेता आलं नसतं."

सरांनी तिच्या हातातली कोरी वही बघितली. बावीस वर्षं ती शिकायचं मनात ठेवून घरी बसली होती, आणि का ते तिनं एकदाही त्यांना ऐकवलं नव्हतं. दोघं चालत नवी पेठेत आले. जिन्यापाशी तिनं कठड्याला हात लावला, तेव्हा सर एक पायरी मागं थांबले आणि तिला पुढं जाऊ दिलं.